गुडघा एक, बिंदू वेगळे का?

प्रश्न : गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर घेते आहे. मला सुया गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि त्याखाली लावतात, जावेला वाटीच्या वर. दोघींचं दुखणं तेच. मग चूक कुणाची? घरी हेच बिंदू दाबले तर चालतील? – एक वाचक, सातारा

उत्तर : चूक कुणाचीच नसावी. ‘गुडघेदुखी’ हे नाव एक, पण दुखतं कुठे आणि कधी, यावर बिंदू ठरतात. जिना उतरताना वाटीभोवती कळ येत असेल, तर वाटीखालचे दोन खळगे (‘गुडघ्याचे डोळे’) आणि वाटीच्या वरचे बिंदू घेतात. आतल्या बाजूला दुखत असेल, तर प्लीहा ९ (अ‍ॅक्युपंक्चरमध्ये बिंदूंना अवयवाचं नाव आणि क्रमांक देतात; हा प्लीहेच्या रेषेवरचा नववा). त्याशिवाय बोटाने दाबल्यावर “आई गं!” निघते ती जागा, म्हणजे ‘आशी’ बिंदू. ती तक्त्यात सापडत नाही, हातानेच शोधावी लागते.

घरी सुई नको, दाब चालेल. खुर्चीत बसून गुडघा वाकवा. पाय सरळ असला की डोळ्यांचे खळगे बुजतात आणि सगळं माप चुकतं. बाहेरच्या डोळ्याखाली स्वतःची चार बोटं आडवी ठेवा, तिथून नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर : हा जठर ३६. बोटं स्वतःचीच हवीत. उंच नवऱ्याच्या हाताने मोजलं तर बिंदू खाली सरकतो. प्लीहा ९ साठी नडगीच्या आतल्या कडेने अंगठा वर सरकवत न्या. हाड वळतं तिथे तो आपोआप अडतो.

प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटं, बोथट जडपणा जाणवेल इतकंच दाबा. गुडघ्याच्या बाहेर, खाली हाडाचा गोळा लागतो, त्याच्या मागे मात्र रेटू नका. तिथून पायाची नस वळते, पावलापर्यंत मुंग्या येतील. गुडघा गरम, लाल, सुजलेला असेल किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, तर दाबणं बंद आणि आधी डॉक्टर.

सुया साधारण वीस-तीस मिनिटं ठेवतात. तेवढ्यात पाय हलवला तर स्नायू सुई आवळून धरतो. म्हणून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल मागून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नका.

गुण किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली, ब्रिटनच्या ‘नाइस’ने (उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी संस्था) २०२२ मध्ये ते देऊ नये असं म्हटलं. आमच्या मते सहा-आठ बैठकांत जिना जरासुद्धा सोपा झाला नाही, तर पैसे वाचवा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र दोन्हीकडे सुचवलेला आहे, तो सोडू नका.

प्रश्न : मान-खांदा आखडतो. खांद्याच्या मधोमध सुई घेऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिथे फुप्फुसाचं टोक जवळ असतं. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. नोंदणी असलेल्या अनुभवी हाताकडूनच घ्या. त्यानंतर दम लागला किंवा छातीत टोचलं, तर थेट रुग्णालय गाठा. गरोदर असाल तर आधीच सांगा. हा बिंदू तेव्हा टाळतात.