आधी नकाशा उघड, मग टीव्ही लाव

भाऊ, रावेरला बसून इराणचं राजकारण कसं कळणार, असं विचारलंस. कळतं की! आपल्याकडची केळी आखाती देशांत जातात, म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी तुझ्या बांधाला लागूनच समज. एका अंगाला इराण, दुसऱ्या अंगाला ओमान, मधून आखाताचं तेल. ही जागा नकाशात सापडेपर्यंत रात्रीची चर्चा लावू नकोस.

सुरुवातीला एवढंच बघ:

- चर्चा म्हणजे बातमी नव्हे. सहा चौकटींत सहा जण ओरडतात, पण बातमी आधीच्या दोन मिनिटांत संपलेली असते.
- ‘सूत्रांची माहिती’ ऐकलं की थांब. तीच बातमी पीटीआय किंवा रॉयटर्स या वृत्तसंस्थांनी कुणाच्या नावावर दिलीय, ते बघ.
- ‘संयुक्त राष्ट्रांनी फटकारलं’ अशी पट्टी दिसली तर विचार, कुणी? आमसभेत १९३ देश, पण तिचे ठराव सहसा बंधनकारक नसतात. सुरक्षा परिषदेत १५, त्यातल्या ५ जणांकडे नकाराधिकार. नवखे इथेच हमखास घसरतात.

दुसरी चूक व्हिडिओंची. ‘आर्मा ३’ या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरलीत. मीही एकदा जुना स्फोट ताजा म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला होता. भुसावळचे मामा अजून लग्नाकार्यात त्यावरून चिडवतात.

महिनाभर एकच विषय धर. निर्बंध, डॉलर, अणुकरार नंतर. आत्ता विचारलंस तरी सांगणार नाही.