अडीच वर्षं कुठली गं?

"काकू, मी २७ वर्षांची. सासर विट्याजवळच्या गावात. लग्नाला अडीच वर्षं झाली. मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, तिकडं तमिळनाडूत सेलमला दुकान आहे. वर्षातून तीन-चार वेळा आठ-दहा दिवसांसाठी येतात. मी इथं सासू-सासरे, दोन म्हशी आणि अर्धा एकर द्राक्षबाग बघते. अजून दिवस गेलेले नाहीत. मोबाइलमधलं ॲप चौदावा दिवस सांगतं, तो आम्ही चुकवत नाही. पण तारीख काढली की हे चिडतात, 'मी काय वळू आहे का?' म्हणतात. सासूबाई म्हणतात, सम दिवस धरा म्हणजे मुलगा होईल. जाऊबाई म्हणतात, मधल्या दिवसांत तुझ्या अंगावरून पांढरं जातं म्हणून राहत नाही. आता 'हिला कुठंतरी दाखवून आणा' असं माझ्यासमोरच बोलतात. माझ्यातच दोष असेल का? तारखांचा फोटो पाठवते. – एक सून, खानापूर तालुका"

अगं, पत्र बाजूला ठेवून आधी तो फोटोच मोठा करून बघत बसले. कॅलेंडरच्या पानांवर पाळीच्या तारखेला लाल टिंब आणि नवरा घरी होता त्या दिवसांवर निळ्या पेनाची बारीक फुली. दुधाच्या लिटरांच्या आकड्यांत ती फुली पटकन दिसत नाही. बहुतेक म्हणूनच तू ती तिथं काढत असशील. मी पेन्सिल घेऊन मोजायला बसले आणि दहा मिनिटांत कपाळाला हात लावला.

तुझी लाल टिंबं अशी आहेत: ३ ऑगस्ट, ६ सप्टेंबर, ९ ऑक्टोबर, १२ नोव्हेंबर, १७ डिसेंबर. मधलं अंतर ३४, ३३, ३४, ३५ दिवसांचं. म्हणजे तुझी पाळी अनियमित नाही, चांगली वक्तशीर आहे, फक्त जरा लांबची आहे. आणि सगळी गफलत तिथंच आहे. 'चौदावा दिवस' हा २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा हिशेब. बीजकोषातून बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये साधारण १४ दिवसांचा असतो. दिवस कमी-जास्त होतात ते त्याच्या आधीच्या काळात. त्यामुळे मोजायचं ते आलेल्या पाळीपासून पुढं नाही, येणाऱ्या पाळीपासून मागं. तुझं बीज चौदाव्या नाही, विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तुझं ॲप सगळ्या बायकांना एकाच मापाचा ब्लाउज शिवतंय.

आता गणपतीतली फेरी बघ. नवरा २६ ऑगस्टला आला. पुढची पाळी ६ सप्टेंबरची, त्यातून १४ वजा केले की २३ ऑगस्ट. म्हणजे तो पोचला तेव्हा त्या महिन्याचं बीज सुटून तीन दिवस झाले होते. दिवाळीत तो १७ ऑक्टोबरला आला, भाऊबीज करून २४ ला पहाटे गेला. ॲपच्या सांगण्यावरून २२ तारीख तुम्ही नेमाने पाळलीत. पुढची पाळी १२ नोव्हेंबरची, म्हणजे बीज सुटलं २९ ऑक्टोबरच्या सुमाराला. दिवाळीला घरात आठ दिवस नवरा, आणि नेमके कामाचे दिवस सुरू झाले तेव्हा तो गाडीत बसलेला. मागच्या मे महिन्यातल्या फेरीची पाळी तू लिहिलेली नाहीस, त्यामुळे तिचं सांगता येत नाही. पण अडीच वर्षांत आठ-दहा फेऱ्या झाल्या असतील, आणि त्यांतल्या किती जुळल्या ते देव जाणे. दोन? तीन? तरुण, निरोगी जोडप्यालाही एखाद्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. तेव्हा अडीच वर्षं कुठली गं? तुमचे खरे प्रयत्न दोन-तीन महिन्यांचे आहेत. एवढ्यावर कुणी 'हिला दाखवून आणा' म्हणत असेल, तर त्यांना आधी कॅलेंडर वाचायला शिकवावं लागेल.

कामाचे दिवस म्हणजे कुठले, तेही नीट सांगते, कारण इथं भल्याभल्या शिकलेल्या बायका घोळ घालतात. सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. आपल्या विटा स्टँडचंच बघ ना. गावची मुक्कामी गाडी दिवसातून एकदाच, आणि लागली की थांबत नाही. ती गाडी ज्याला मिळवायची त्यानं आधी येऊन बाकावर बसायचं असतं, गाडी दिसल्यावर घरातून निघायचं नसतं. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, असे सहाच दिवस मोलाचे, आणि त्यातही शेवटचे तीन. १९९५ साली अमेरिकेत २२१ बायकांच्या रोजच्या लघवीची तपासणी करून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात राहिलेले सगळे गर्भ याच सहा दिवसांतल्या संबंधांतून राहिलेले होते. (लोक शेतीची उपमा देतात, पेरणी आणि वापसा वगैरे. मला ती आवडत नाही. बाई म्हणजे जमीन नव्हे, आणि पीक आलं नाही की दोष जमिनीलाच, हे ओघानं येतंच.)

आता जाऊबाईंचं 'पांढरं'. तू लिहिलंयस की पाळीच्या मधल्या दिवसांत दोन-तीन दिवस ओलं, पारदर्शक, बोटांत धरलं तर तार सुटेल असं जातं, वास नाही, खाज नाही. अगं, तो आजार नाही, ती तर खूण आहे! कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा तो स्राव बीज सुटायच्या आधीच्या दिवसांतच येतो आणि शुक्राणूंना वर जायला वाट करून देतो. फुकटचं किट आहे ते तुझं. दह्यासारखं घट्ट, वास मारणारं, खाज-आग करणारं किंवा हिरवट-पिवळं जात असेल तर तो संसर्ग, त्याला औषध घ्यायचं. पण हे तारेचं पाणी 'थांबवायला' जाऊबाईंनी दिलेल्या त्या पुड्या आजपासून बंद कर. मी तर म्हणते, तार दिसायला लागली की कॅलेंडरवर तिसऱ्या रंगाचं टिंब दे.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्ट्यांचं विचारलंयस. गावातल्या दुकानात मागायची लाज वाटत असेल तर बाजाराला विट्याला जाशील तेव्हा आण, पण मागताना 'ओव्हुलेशनची' असं स्पष्ट सांग, नाहीतर गरोदरपणाची पट्टी हातात देतील. बीज सुटण्याआधी शरीरात एलएच नावाचं संप्रेरक एकदम वाढतं, ते ती लघवीत पकडते. तुझ्या पाळीला सोळाव्या दिवसापासून रोज एकाच वेळी, शक्यतो दुपारी तपासायचं, आणि आधीचे दोन तास ढसाढसा पाणी प्यायचं नाही. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद आली की साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. फिकट रेघेला भुलू नकोस. सकाळी उठून ताप मोजण्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस. तापमान चढतं ते बीज सुटल्यानंतर, म्हणजे गाडी गेल्याचं कळतं एवढंच.

पुढचं गणित करून देते. तुझी पाळी २० जानेवारीच्या आसपास यावी, त्यानंतरची २३ फेब्रुवारीला. म्हणजे फेब्रुवारीतले तुझे दिवस ४ ते ९. शरीर काही घड्याळ नाही, म्हणून दोन्हीकडे थोडी सूट ठेवून १ ते १२ तारखेची रजा धरा. जानेवारीची पाळी तीन दिवस उशिरा आली तर हे सगळंच तीन दिवस पुढं ढकल. आणि त्यानं यायचं ते सुरुवातीलाच. 'साठवून ठेवलं की जोर येतो' ही पुरुषांची लाडकी समजूत, पण फार दिवसांच्या खंडानंतर संख्या वाढली तरी शुक्राणूंची चपळाई कमी होते. आल्यापासून एक-दोन दिवसाआड संबंध येऊ द्यात, तारीख न बघता. संबंधानंतर पाय वर करून भिंतीला लावायची गरज नाही, बाहेर थोडं ओघळलं म्हणून 'सगळं गेलं' असंही नाही. कोरडेपणा असेल तर घाई करू नका. थुंकी किंवा साधं जेल शुक्राणूंना जड जातं.

वळूचं वाक्य वाचून मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तो चुकीचं बोलला नाही गं. वर्षातून चाळीस दिवस भेटणारा नवरा, दारात बॅग ठेवतोय न ठेवतोय तोच बायको बोटावर तारीख मोजते. अशा सक्तीच्या रात्री भल्याभल्यांचं अंग साथ देत नाही, आणि एकदा तसं झालं की पुढच्या वेळी त्याची भीती आधी येते. तारखा तुझ्या तू ठेव. त्याला फक्त 'एकपासून बारापर्यंत ये' एवढं सांग आणि कॅलेंडर स्वयंपाकघरात राहू दे.

पण त्याच्या बाजूची एक गोष्ट मात्र त्याला सांगावी लागेल. दिवसभर भट्टीपुढं बसणं, मुशीतला ताव, ॲसिडचा धूर, काही ठिकाणी शिसं: या धंद्यातल्या माणसाच्या शुक्राणूंवर उष्णतेचा आणि शिशाचा परिणाम होऊ शकतो. वृषणं शरीराबाहेर असतात ती त्यांना थंडावा लागतो म्हणूनच. वर मावा-तंबाखू असेलच. वीर्याची तपासणी ही सगळ्यात सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे, आणि आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. बाईच्या नळ्या तपासून होतात, तिच्या पोटात दुर्बीण घालून होते, मग कुणाला तरी आठवतं की नवऱ्याचंही बघू. मूल न राहणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून त्यानं सेलमलाच नमुना द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाप्रमाणे मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची रेघ आहे. कमी आलं तरी घाबरायचं नाही, एका रिपोर्टवर काही ठरत नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आज मावा सोडला, भट्टीपासून लांब बसायची सोय केली, पंखा-धुराडं लावलं, तर फरक उन्हाळ्यात दिसेल.

तुझ्याकडून सध्या एवढंच: फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून रोज, आणि एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. मिश्री लावत असशील तर ती बंद. पस्तिशीच्या आतल्या बाईनं वर्षभर नीट प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जायचं असतं, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. पाळीत असह्य दुखत असेल किंवा पाळी दोन-दोन महिने लांबायला लागली तर वर्षाची वाट बघायची नाही. सांगली-मिरजेत डॉक्टरांची काय वानवा! पण जाशील तेव्हा दोघं जा. एकटीला सासूबाईंबरोबर पाठवलं तर मला कळव, मी काय ते बोलेन.

सम दिवसाचं एका ओळीत. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं, तारखेवर नाही, आणि त्या नादात सहातले तीन दिवस फुकट जातात.

आता मला खरं काय वाटतं ते. हे सगळं टिंबांचं गणित म्हणजे लांबून नेम धरणं आहे. तू सहा महिने सेलमला जाऊन राहा. गलाईवाल्यांच्या कितीतरी बायका तिकडं संसार करतात, पोरं तमिळ बोलतात, तुझ्याच भावकीत असतील. एकत्र राहिलात की पाळी संपल्यापासून दोन-तीन दिवसांआड संबंध, बस्स. ना ॲप, ना पट्टी, ना वळू. सहा दिवस आपोआप त्यात येतात. बागेची छाटणी आणि म्हशींचं दूध हे प्रश्न खरे आहेत, पण ते गड्यानं किंवा दिरानं सुटणारे आहेत. हा नाही.

सासूबाईंना काय सांगू, असं विचारशीलच. तारखा, बीज, स्राव यातलं अक्षरही काढू नकोस. संध्याकाळी भाकरी थापताना, तव्याकडं बघत, सहज म्हण: "आत्या, ह्यांचं तिकडं जेवणाचे लय हाल होतात म्हणं. बारीक झाल्यात." बॅग त्याच भरून देतील.