शाळेतल्या ख्रिस्ती शिक्षिका धर्म शिकवायच्या का? आमच्या बाईंबद्दल सांगतो

ख्रिस्ती शिक्षक वर्गात मुलांना धर्म शिकवायचे का, कुणाला अनुभव आहे का, असं विचारलंय तुम्ही. मला आहे, एकाच बाईंचा, पण पहिली ते चौथी सलग.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, शाळा झेडपीची, ८० नंतरची गोष्ट. बाई नगरच्या. नगरचे मराठी ख्रिस्ती काही काल-परवाचे नाहीत, अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ला आलं, सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळाही तिथलीच, जी बघून जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. तर आमच्या बाई म्हणजे कुणी मड्डम वगैरे नव्हत्या, भाकरी-ठेचा खाणाऱ्या, कपाळाला कुंकू नाही एवढाच काय तो फरक. तरी गावात भाड्याने खोली मिळायला दीड महिना गेला. कारण कुणी तोंडाने बोललं नाही, पण ख्रिस्ती व्हायच्या आधी कुणाचा आजा-पणजा कोण होता याचा हिशोब गाव बरोबर ठेवतं.

रविवारी सकाळच्या एसटीने नगरला उपासनेला जायच्या, पिशवीत बायबल आणि 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक. सोमवारी वर्गात त्यातलं एक अक्षर नाही. एकदाच, ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' पुस्तकात नसताना पाठ म्हणून दाखवली आणि हळूच म्हणाल्या, हे आमच्यातले बरं का.

आता मुख्य सांगतो. माझे आई-बाप कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचे, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असायचे, त्यामुळे दिवाळी झाली की आम्ही पोरं पण गाडीत बसून कारखान्यावर, ते थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परत. अशा पोरांची शाळा तिथंच संपते. तर बाईंनी जाण्याआधी माझ्या बापाकडून कारखान्याचं नाव, गट, मुकादमाचं नाव सगळं वहीत लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांनी आमच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, कारखान्याचा माणूस, स्लिपबॉय, बाईंचं पोस्टकार्ड घेऊन हजर. जोडकार्ड होतं, म्हणजे एक भाग आपल्याला आणि दुसरा उत्तर लिहून परत टाकायचा. त्यात चार गणितं, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि खाली 'आईला नमस्कार सांग'. बापाला वाचता येत नव्हतं, तो ते कार्ड टोपीत ठेवायचा. मी उसाच्या वाळक्या पाचटावर बसून गणितं सोडवायचो, चुकलं की पुढच्या कार्डावर तेच गणित परत, लाल शाईत! अशी बारा-तेरा पोरं होती आमच्या शाळेत, सगळ्यांना कार्डं, पैसे बाईंचे.

देवमाणूस वगैरे म्हणणार नाही हां, मारायच्या भयंकर, फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. माझं एक पेर अजून जाड आहे.

नाताळ आम्ही कधी बघितलाच नाही, तेव्हा आम्ही उसात. पण एप्रिलात परत आलो की बाई पत्र्याचा डबा उघडायच्या, प्रत्येकाच्या नावाच्या दोन-दोन करंज्या कागदात बांधलेल्या, चार महिन्यांच्या, खवट झालेल्या. टाकू द्यायच्या नाहीत. आम्ही नाक मुरडत खायचो.

पुढे नोकरीला लागल्यावर भेटायला गेलो तेव्हा विचारलंच, बाई तुम्ही आम्हाला येशूबद्दल कधी काही सांगितलं नाही ते? तर म्हणाल्या, "सांगितलं असतं रे, पण तुला आधी सतराचा पाढा कुठं येत होता?"

मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या, त्यांच्या मंडळीत म्हणतात तसं प्रभूमध्ये निजल्या. नगरला गेलो. पाळकांची प्रार्थना झाली, एकेक जण मूठ-मूठ माती टाकत होता. माझ्या शेजारी एक माणूस उभा होता, पांढरी टोपी, ओळख ना पाळख, त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही कुठल्या कारखान्यावर होता?"