परिसंस्थेचं ‘क्षेत्र’, परिसंस्थेची ‘स्थिती’

वाळवा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न : परिसंस्थांचा हिशेब ठेवायच्या संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीतल्या ‘एक्स्टेंट’ आणि ‘कंडिशन’ला ‘विस्तार’ आणि ‘दर्जा’ म्हणावं का? ‘नॅचरल कॅपिटल’ला ‘निसर्गसंपदा’ चालेल का? आणि या सगळ्या पद्धतीला, ‘इकोसिस्टम अकाउंटिंग’ला, ‘परिसंस्था लेखांकन’ म्हणणं बरोबर आहे का?

‘विस्तार’ नको. तो मंत्रिमंडळाचा होतो. ऐकणाऱ्याला काहीतरी वाढतंय असंच वाटतं. इथे नुसतं मोजायचंय : कुठल्या प्रकारची परिसंस्था वर्षारंभी किती हेक्टर, वर्षाअखेर किती. सातबाऱ्यावर ‘क्षेत्र’ आहेच, तो शब्द सोडून दुसरीकडे जायचं कारण नाही.

‘दर्जा’त शेरा मारल्याचा सूर येतो, म्हणून मी ‘स्थिती’ घेईन. तुमच्याच भागातली क्षारपड रानं बघा. उसाला वर्षानुवर्षं पाट सोडले, निचरा नाही, क्षार वर आले. क्षेत्र गुंठाभरही घटलं नाही आणि शेत शेतच राहिलं, त्यामुळे क्षेत्राच्या तक्त्यात काहीच दिसणार नाही. घसरण उमटते ती स्थितीच्या तक्त्यात. महसुलात जमिनीच्या कसासाठी ‘प्रत’ हाही शब्द आहे, पण प्रतबंदी, म्हणजे कसानुसार लावलेली वर्गवारी, एकदा ठरली की ठरली. स्थिती बदलती असते. जवळची आहे ती पैसेवारी. हंगामाचं पीक प्रमाण उत्पन्नाशी ताडून पैशांत सांगायचं, ५० पैशांच्या आत आलं की टंचाई. परिसंस्थेच्या बाबतीतही सेंद्रिय कर्ब, क्षारता असं एकेक लक्षण संदर्भपातळीशी ताडतात आणि शून्य ते एक या पट्टीवर मांडतात. गावच्या बैठकीत ‘रानाची पैसेवारी’ म्हणा, लगेच कळेल. छापताना मात्र ‘स्थिती’च, कारण पैसेवारी एका हंगामाच्या पिकाची असते.

‘निसर्गसंपदा’ कासच्या माहितीपत्रकात शोभते. हिशेबात ती अडचणीची, कारण संपदेला मुद्दल आणि उत्पन्न असे दोन भाग पडत नाहीत. कोयनेचं जंगल हे मुद्दल, ते पाणी धरतं आणि धरणात जाणारा गाळ अडवतं ही त्याची सेवा. हा भेद ‘भांडवल’ नेमका दाखवतं. संस्कृत ‘भाण्ड’ म्हणजे नुसतं भांडं नव्हे, व्यापाऱ्याचा मालही. तेव्हा शब्द मुळात पेठेतलाच आहे.

पेठेचा वास येतो म्हणूनच काहींना तो खुपतो, आणि ते अगदीच निराधार नाही. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने ही पद्धत स्वीकारली, तेव्हा क्षेत्र, स्थिती आणि सेवांची प्रत्यक्ष मोजमापं सांगणाऱ्या पहिल्या सात प्रकरणांनाच सांख्यिकी मानकाचा मान मिळाला. पैशातल्या मूल्यमापनाची प्रकरणं तत्त्वं आणि शिफारशी म्हणून मान्य झाली. त्यामुळे किमतीचा विषय नसेल तिथे ‘भांडवल’ ओढून आणू नका. एकेका जंगलाला किंवा पाणथळीला ‘मत्ता’ पुरे. ‘मत्ता व दायित्वे’ आपण बँकेच्या अहवालात वाचतोच.

‘परिसंस्था लेखांकन’ बरोबर आहे. बोलताना ‘हिशेब’.