मोटर रेसिंगमध्ये चिठ्ठी टाकून अचानक घेतलेली डोप टेस्ट न्याय्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शर्यतीच्या दिवशी चिठ्ठी टाकून कुणालाही डोप टेस्टला नेतात, एकाच रायडरला हंगामात तीनदा नेतात तर दुसऱ्याला एकदाही नाही, आणि इथे पळते ती गाडी, मग हा नियम न्याय्य कसा?

माझं मत आधीच सांगतो. चिठ्ठीत अन्याय नाही. अन्याय होतो तो चिठ्ठी निघाल्यानंतर: यादी, शिक्षा आणि निकालाला लागणारा वेळ या तीन ठिकाणी.

‘एकालाच तीनदा’ हे आधी आकड्यांत पाहू. समजा ४० रायडर आहेत, हंगामात २० फेऱ्या आहेत आणि दर फेरीत दोघांची चिठ्ठी काढतात. एका फेरीत तुमची चिठ्ठी न निघण्याची शक्यता ९५ टक्के. हाच आकडा २० वेळा गुणला की उत्तर साधारण ३६ टक्के येतं. म्हणजे ४० पैकी सुमारे १४ जण अख्ख्या हंगामात एकदाही सापडत नाहीत, १५ जण एकदा, सात-आठ जण दोनदा आणि तिघं तीन किंवा त्याहून जास्त वेळा. चिठ्ठी पूर्ण प्रामाणिक असली तरी हे असंच होणार. उलट कुणालाही दुसऱ्यांदा नेलं नाही, तर मात्र शंका घ्यावी, कारण मग एकदा टेस्ट झालेला रायडर उरलेला हंगाम निर्धास्त होतो. चिठ्ठीचा सगळा धाक ‘पुन्हा निघू शकते’ यावरच उभा आहे.

शिवाय प्रत्येक टेस्ट चिठ्ठीनंच होते असंही नाही. जागतिक डोपिंगविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, तिच्या नियमांत नेमकं लक्ष्य ठेवून टेस्ट करायलाही मुभा आहे: दुखापतीनंतर परतलेला, अचानक फार सुधारलेला, ज्याच्याबद्दल माहिती मिळाली आहे असा खेळाडू. हे योग्यच आहे. फक्त लक्ष्य ठेवून केलेल्या टेस्टला चिठ्ठीचं नाव देऊ नये, आणि चिठ्ठी काढायचीच असेल तर कुणी, कशी आणि कुणासमोर काढली याची नोंद राहावी.

आता ‘गाडी पळते’ या मुद्द्याकडे. फॉर्म्युला वनमध्ये जोरात ब्रेक मारताना मानेवर गुरुत्वाच्या पाचपट ताण येतो. सिंगापूरसारख्या दमट शर्यतीत ड्रायव्हरच्या अंगातून दोन-तीन लिटर घाम जातो. उत्तेजक औषध घेतलं तर थकवा जाणवत नाही आणि जोखीम लहान वाटू लागते. ३०० च्या वेगात त्याची किंमत शेजारून जाणारा मोजतो. बीटा-ब्लॉकर औषधं हाताची थरथर आणि नाडीचा वेग कमी करतात, म्हणून ती मोटारींच्या शर्यतीत स्पर्धेच्या काळात बंद आहेत, जशी नेमबाजीत आहेत. दारू २०१८ पासून वाडाच्या यादीत नाही, पण मोटर रेसिंगच्या संघटनांनी दारूवरचे स्वतःचे नियम चालू ठेवले.

अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कारनं सर्वांसाठी अचानक चाचणी आणली तीही सुरक्षेच्याच कारणावरून. २००८ साली ॲरन फाइक या ड्रायव्हरनं आपण हेरॉइनच्या अमलाखाली ट्रक मालिकेत शर्यत केल्याची कबुली दिली. तोवर नॅस्कारमध्ये संशय आला तरच टेस्ट होई, आणि त्या पद्धतीत तो सुटला होता. २००९ च्या हंगामापासून ड्रायव्हर, अधिकारी आणि पिटमधले कर्मचारी या सगळ्यांना हंगामाआधी एकदा आणि मग हंगामभर अचानक अशी टेस्ट लागू झाली. चाक बदलणाऱ्याचा हात चुकला तर चाक ट्रॅकवर निखळू शकतं, म्हणून त्यालाही लागू करणं मला पूर्ण पटतं.

पण पहिल्याच वर्षी एक मोठी उणीव दिसली. १ मे २००९ ला रिचमंडला जेरेमी मेफील्ड या ड्रायव्हरचा नमुना घेतला गेला, आणि ९ मे रोजी त्याला निलंबित केलं गेलं. नॅस्कारचं म्हणणं, मेथॲम्फेटामिन सापडलं. त्याचं म्हणणं, ॲलर्जीची गोळी आणि एडीएचडीचं (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराचं) औषध यांच्या मिश्रणामुळे निकाल चुकला. नॅस्कारच्या तज्ज्ञांनी हे फेटाळलं. १ जुलैला न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली, त्याच महिन्यात वरिष्ठ न्यायालयानं ती उठवली आणि मेफील्डची कारकीर्द तिथेच संपली. त्यानं काय घेतलं होतं हा वाद बाजूला ठेवा. त्या वेळी बंदी असलेल्या पदार्थांची यादी नॅस्कारनं जाहीर केलेली नव्हती. ती जाहीर झाली २०११ मध्ये. काय घेऊ नये हे लेखी न सांगता काय सापडलं यावर माणसाला घरी बसवणं चूक होतं, मग तो दोषी असो वा नसो.

शिक्षेतली तफावत त्याहून बोचणारी आहे. नॅस्कारचाच ड्रायव्हर ए. जे. ऑल्मेंडिंगर याचा नमुना जून २०१२ च्या अखेरीस केंटकीला घेतला. ७ जुलैला डेटोनाच्या शर्यतीला काही तास उरले असताना त्याला थांबवलं गेलं. सापडलं ॲम्फेटामिन. ओळखीतल्या माणसानं दिलेल्या गोळीत ॲडरॉल, म्हणजे ॲम्फेटामिन असलेलं एडीएचडीचं औषध, होतं, असं त्याचं स्पष्टीकरण. त्यानं नॅस्कारचा पुनर्वसन कार्यक्रम पूर्ण केला आणि १८ सप्टेंबरला त्याचं लायसन्स परत मिळालं. एप्रिल २०१४ मध्ये सिएटलच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे मोटरसायकलच्या उड्यांच्या शर्यतीत, जेम्स स्ट्युअर्ट या रायडरच्या नमुन्यातही ॲम्फेटामिन सापडलं. त्याच्याकडे ॲडरॉलचं डॉक्टरी प्रिस्क्रिप्शन होतं, पण औषधासाठी आधी घ्यावी लागणारी सूट, जिला टीयूई म्हणतात, ती नव्हती. त्याला १६ महिन्यांची बंदी लागली. एकाला अडीच महिने, दुसऱ्याला १६, आणि जास्त शिक्षा प्रिस्क्रिप्शन असलेल्याला. कारण एवढंच की नॅस्कार खाजगी कंपनी म्हणून स्वतःचं धोरण चालवते, तर सुपरक्रॉसमध्ये एफआयएम या मोटरसायकल खेळाच्या जागतिक संघटनेमार्फत वाडाची संहिता लागू होती.

त्या संहितेत शरीरात पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूची, तो कसा आला हे सिद्ध करण्याचं ओझंही त्याचंच. मोटोजीपीच्या आंद्रेआ इयानोनेचं प्रकरण पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेपांगला त्याच्या लघवीत ड्रोस्टॅनोलोन हे स्टेरॉइड अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडलं. दूषित मांसातून ते आलं असावं, हे एफआयएमच्या शिस्तपालन न्यायालयानं मान्य केलं आणि तरी १८ महिने दिले. वाडानं अपील केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये लोझानच्या क्रीडा लवादानं बंदी चार वर्षं केली, कारण कुठलं मांस, कुठून आलेलं, हे त्याला नेमकं दाखवता आलं नाही. परदेशातल्या हॉटेलात महिन्यापूर्वी खाल्लेल्या मांसाचा माग कोण काढू शकेल? इतक्या सूक्ष्म प्रमाणासाठी हे ओझं फार जड आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि वेळ. सुपरक्रॉस रायडर ब्रॉक टिकलचा नमुना फेब्रुवारी २०१८ चा, तात्पुरतं निलंबन एप्रिल २०१८ चं, अंतिम निकाल २०२० उजाडल्यावर. बंदी दोन वर्षांची, मोजली नमुन्याच्या दिवसापासून. म्हणजे निकाल लागेपर्यंत शिक्षा जवळपास भोगून झाली होती. तो निर्दोष ठरला असता तर ती दोन वर्षं त्याला कुणी परत दिली असती? अशा प्रकरणांना कालमर्यादा हवी.

प्रत्यक्ष टेस्टची पद्धत मात्र बरीच चोख आहे, ती माहीत असेल तर धास्ती कमी होते. हेल्मेट काढल्यावर एक जण येऊन सूचना देतो, तुमची सही घेतो आणि तेव्हापासून नजरेआड होऊ देत नाही. पोडियम, पत्रकार, वैद्यकीय उपचार हे सगळं करता येतं, त्याच्या देखरेखीत. लघवी किमान ९० मिलिलिटर लागते आणि ती समलिंगी अधिकाऱ्यासमोर द्यावी लागते. ६० मिलिलिटर ए बाटलीत, ३० बी बाटलीत. बाटल्यांचा संच तुम्ही स्वतः निवडायचा. दोन्ही बाटल्या, खोकं आणि फॉर्म यांवरचा क्रमांक एकच आहे ना, ते वाचून पाहायचं, आणि झाकणंही स्वतःच बंद करायची.

गडबड बहुतेक वेळा पाण्यात होते. शर्यतीनंतर अंग कोरडं पडलेलं असतं, लघवी होत नाही, मग रायडर घाईनं लिटर-दीड लिटर पाणी पितो. लघवी पातळ होते, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.००५ च्या खाली जातं आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो. यात तीन-चार तास सहज जातात, विमान चुकतं. थोडं थोडं प्या, आणि तिथे ठेवलेल्या सीलबंद बाटल्यांतलंच प्या. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतलं प्रत्येक औषध लिहा, इनहेलर, डोळ्यांचे थेंब, प्रोटीन पावडर, सगळं. काही खटकलं तर ते तिथल्या तिथे शेऱ्याच्या जागी लिहा, नंतर काढलेल्या आक्षेपाला वजन राहत नाही. कंटाळून निघून जाल तर तो नकार धरला जातो आणि चार वर्षांपर्यंत बंदी लागू शकते. कार्टिंगमधल्या अठराखालच्या मुलांसोबत घरचं मोठं माणूस असावं.

तुम्ही किंवा तुमची मुलं पुण्या-कोल्हापुरात एफएमएससीआय या भारतातल्या मोटर खेळांच्या महासंघाच्या लायसन्सवर उतरत असाल, तर हाच नियम राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था, म्हणजे ‘नाडा’, हिच्यामार्फत तुम्हालाही लागू आहे, आणि २०२२ पासून त्याला राष्ट्रीय कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे सगळ्यात मोठा धोका कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये असतो. कफ असलेल्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. त्यावर वर्षभर बंदी आहे, फक्त शर्यतीच्या दिवशी नव्हे. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात मर्यादेत चालतं, पण लघवीत मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की अडकलात. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो आणि त्या काळातल्या नमुन्यात काय सापडलं हेच पाहिलं जातं, म्हणून ‘काल रात्री घेतली होती’ हे कारण चालत नाही. दम्याचा सॅल्ब्युटामॉल पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, आठ तासांत मात्र ६०० च्या वर नको. एडीएचडीचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी टीयूईचा अर्ज करा. आंतरराष्ट्रीय मालिकेत उतरणार असाल तर इथली सूट तिथे मानली जाते का, हे लेखी विचारून ठेवा.

जिममध्ये मिळणारी प्री-वर्कआउट पावडर आणि ज्यावर घटक पूर्ण छापलेले नाहीत अशी ‘ताकदीची’ चूर्णं हंगामात बंदच ठेवा. घ्यायचीच असतील तर एकाच बॅचचे दोन डबे घ्या. एक न उघडता बिलासकट जपून ठेवा आणि दोन्हींवरच्या बॅच नंबरचा फोटो काढा. दूषित मालाचा दावा करायची वेळ आली, तर प्रयोगशाळेत तपासायला तो न उघडलेला डबाच लागतो.