‘मोस्ट’ म्हणजे बहुतेक, सर्वाधिक की अत्यंत?

‘मच’ आणि ‘मेनी’ या शब्दांचे तमभावाचे (‘सुपरलेटिव्ह’, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचे) रूप म्हणजे ‘मोस्ट’, ही शाळेत पाठ केलेली व्याख्या खोटी नाही. पण प्रत्यक्ष इंग्रजी लिहायला बसल्यावर ती फार दूरवर साथ देत नाही. वाचकांच्या पत्रांतून या एकाच शब्दाविषयी वेगवेगळ्या वाटांनी प्रश्न आले असल्यामुळे या वेळी ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ‘मी उद्या मोस्टली येईन’ असे आम्ही सर्रास म्हणतो. परंतु ‘आय विल मोस्टली कम टुमॉरो’ असे इंग्रजी पत्रात लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी त्यावर लाल रेघ मारली. यात चुकले काय?

उत्तर : या चुकीचे मूळ इंग्रजीत नसून आपल्या ‘बहुतेक’ या शब्दात आहे. ‘बहुतेक मुले घरी गेली’ या वाक्यात तो संख्या सांगतो, तर ‘बहुतेक आज पाऊस येईल’ या वाक्यात तो अंदाज व्यक्त करतो. दोन्ही अर्थ आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की ते वेगळे आहेत हेही जाणवत नाही. इंग्रजीने मात्र ही दोन कामे दोन शब्दांना वाटून दिली आहेत. ‘मोस्ट’ आणि ‘मोस्टली’ यांच्याकडे संख्या, प्रमाण आणि वाटा, अंदाजासाठी ‘प्रॉबेब्ली’. आपण ‘बहुतेक’ला ‘मोस्ट’ हा प्रतिशब्द शिकलो आणि त्याच्या जोरावर अंदाजाच्या जागीही ‘मोस्टली’ बसवून टाकला.

उद्या येणे ही एकदाच घडणारी क्रिया आहे. माणूस येतो किंवा येत नाही, त्याला ‘बहुतांशी’ येता येत नाही, म्हणून आपले वाक्य इंग्रजी वाचकाला विचित्र वाटते. विचित्र वाक्य निदान लक्षात तरी येते. खरा घोटाळा होतो तो ‘आय विल मोस्टली वर्क फ्रॉम होम नेक्स्ट वीक’ अशा वाक्यात, कारण ते व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, ‘पुढच्या आठवड्यात मी बहुतेक घरूनच काम करीन, अजून नक्की नाही.’ वाचणारा समजतो, ‘पुढच्या आठवड्यातले बरेचसे दिवस हा घरून काम करणार आहे आणि उरलेल्या दिवशी कार्यालयात येणार आहे.’ दोघांनाही आपण नीट बोललो असे वाटते आणि बैठकीच्या दिवशी खुर्ची रिकामी राहते.

‘मोस्ट प्रॉबेब्ली’ आणि ‘मोस्ट लाइकली’ हे प्रयोग शुद्ध आहेत, पण त्यांत अंदाजाचा अर्थ दुसऱ्या शब्दाचा असून ‘मोस्ट’ केवळ त्याला जोर देतो. मराठी बोलताना ‘मोस्टली येतो’ म्हणणाऱ्याला मी टोकणार नाही. तो शब्द आता आपल्या बोलण्यात स्वतःचा अर्थ घेऊन रुळला आहे. इंग्रजी पत्रात मात्र तिथे ‘प्रॉबेब्ली’च हवा.

प्रश्न : ‘मोस्ट पीपल’, ‘मोस्ट ऑफ द पीपल’ आणि ‘द मोस्ट पीपल’ यांत काही फरक आहे का, की केवळ शैलीचा प्रश्न आहे?

उत्तर : फरक अर्थाचा आहे. ‘मोस्ट पीपल’ म्हणजे सर्वसाधारणपणे बहुतेक माणसे. ‘मोस्ट ऑफ द पीपल’ म्हटले की आपल्यासमोर एक ठरावीक गट येतो, उदाहरणार्थ सभेला जमलेले लोक, आणि त्या गटातील बहुतेकांविषयी आपण बोलतो. म्हणूनच ‘ऑफ’ आला की त्यापाठोपाठ ‘द’, ‘धिस’, ‘माय’ असा गट निश्चित करणारा शब्द किंवा ‘देम’सारखे सर्वनाम येते; ‘मोस्ट ऑफ पीपल’ ही रचना अशुद्ध आहे. ‘मोस्ट ऑफ आशिया’मध्ये ‘द’ लागत नाही, कारण विशेषनाम मुळातच निश्चित असते.

‘द मोस्ट पीपल’चा अर्थ निराळा आहे, आणि तो मतमोजणीत स्पष्ट दिसतो. समजा, 100 मतांपैकी तीन उमेदवारांना अनुक्रमे 40, 35 आणि 25 मते मिळाली. पहिल्या उमेदवाराला ‘द मोस्ट व्होट्स’ मिळाली, पण ‘मोस्ट ऑफ द व्होट्स’ मिळाली नाहीत. उलट 60 मते त्याच्या विरोधात गेली. मराठीत आपण ‘द मोस्ट व्होट्स’ला ‘सर्वाधिक मते’ आणि ‘मोस्ट ऑफ द व्होट्स’ला ‘बहुमत’ म्हणतो आणि सहसा गल्लत करत नाही. इंग्रजीत एवढा मोठा फरक ‘द’ आणि ‘ऑफ’ यांच्या जागेवर अवलंबून आहे. बातमीचे भाषांतर करणाऱ्याने ‘द मोस्ट व्होट्स’चे ‘बहुमत’ केले, तर निकालच फिरतो.

निम्म्याहून किती अधिक झाले म्हणजे ‘मोस्ट’ म्हणावे, असाही उपप्रश्न पत्रात आहे. तर्काने पाहिले तर 100 पैकी 51 पुरेत. पण कानाला ते पटत नाही. शंभरातले 51 विद्यार्थी उत्तीर्ण झाले असता ‘मोस्ट स्टुडंट्स पास्ड’ असे लिहिणे म्हणजे वाचकाची थोडी दिशाभूल करणेच होय. तिथे ‘मोअर दॅन हाफ’ प्रामाणिक ठरते.

क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, हे ‘ऑफ’नंतरच्या नामावरून ठरते : ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज’, पण ‘मोस्ट ऑफ द बुक्स आर’. आणि ‘बहुतेक वेळा’ या अर्थी ‘मोस्ट ऑफ द टाइम’ असे एकवचनच रूढ आहे. आपल्याकडे हमखास लिहिला जाणारा ‘टाइम्स’मधला शेवटचा ‘स’ काढून टाकावा.

प्रश्न : तमभावाच्या आधी ‘द’ लावावा असा नियम असताना ‘इट वॉज अ मोस्ट इंटरेस्टिंग लेक्चर’ हे वाक्य शुद्ध कसे?

उत्तर : कारण या वाक्यात तमभावच नाही. इथे व्याख्यानाची दुसऱ्या कोणत्याही व्याख्यानाशी तुलना नसून ते ‘अत्यंत रंजक’ होते, एवढेच सांगायचे आहे. ‘मोस्ट’च्या जागी ‘व्हेरी’ घालून पाहावा. वाक्य बिनतक्रार चालले, तर तो ‘मोस्ट’ अत्यंतवाचक समजावा. मात्र हा ‘मोस्ट’ बोलणाऱ्याचे मत किंवा भावना सांगणाऱ्या विशेषणांशीच जुळतो. ‘अ मोस्ट जेनरस ऑफर’ चालते, ‘अ मोस्ट टॉल बिल्डिंग’ चालत नाही, कारण उंची मोजायची असते, ती मताची बाब नाही.

एरवी ‘काइंड’चे तमभावाचे रूप ‘काइंडेस्ट’ होते. तरीही ‘दॅट्स मोस्ट काइंड ऑफ यू’ हे वाक्य सभ्य इंग्रजीत पूर्णपणे मान्य आहे. इतक्या लहान विशेषणामागे ‘मोस्ट’ दिसला की तो ‘अत्यंत’च्या अर्थाने आला आहे, असे समजायला हरकत नाही. ‘यू आर मोस्ट वेलकम’ हाही त्याच जातीचा. हा प्रयोग औपचारिक असून त्याला किंचित जुना वास आहे. आभारपत्रात तो शोभतो. मित्राला पाठवलेल्या दोन ओळींच्या निरोपात तो थट्टेसारखा वाटेल.

‘द’ नसूनही खरा तमभाव असू शकतो, हे जाता जाता नोंदवतो. ‘द लेक इज डीपेस्ट हिअर’ या वाक्यात एका तळ्याची दुसऱ्या तळ्याशी तुलना नाही. त्याच तळ्याच्या निरनिराळ्या जागांची आहे, आणि अशा ठिकाणी ‘द’ गाळण्याचीच रीत आहे.

प्रश्न : ‘ॲट मोस्ट’ बरोबर की ‘ॲट द मोस्ट’? आणि ‘मेक द मोस्ट ऑफ’ व ‘मेक द बेस्ट ऑफ’ एकच का?

उत्तर : पहिल्या जोडीतील दोन्ही रूपे बरोबर असून दोन्हींचा अर्थ ‘जास्तीत जास्त’ असाच होतो. दुसरी जोडी एक नव्हे. ‘मेक द मोस्ट ऑफ’ म्हणजे हाती आलेल्या संधीचे सोने करणे. ‘मेक द बेस्ट ऑफ’ म्हणजे पदरी पडले आणि पवित्र झाले असे मानून आहे त्यात निभावून नेणे. नव्या नोकरीबद्दल अभिनंदन करताना दुसरा प्रयोग वापरला, तर समोरच्याला नोकरी यथातथाच असल्याचे सुचवल्यासारखे होईल.

प्रश्न : कोणत्या विशेषणाला ‘-एस्ट’ लावावा आणि कोणत्यामागे ‘मोस्ट’ घालावा? दोन्ही एकत्र का चालत नाहीत?

उत्तर : ढोबळ नियम असा, की एका अवयवाच्या (‘सिलॅबल’, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा भाग) विशेषणाला ‘-एस्ट’, तीन किंवा अधिक अवयवांच्या विशेषणामागे ‘मोस्ट’, आणि दोन अवयवांच्या विशेषणांत ‘हॅपी’सारखी ईकारान्त असतील तर ‘-एस्ट’. उरलेल्या दोन अवयवी विशेषणांत एकवाक्यता नाही. ‘कॉमनेस्ट’ आणि ‘मोस्ट कॉमन’ दोन्ही छापलेले आढळतात. शंका आल्यास ‘मोस्ट’ घेणे सुरक्षित. ‘टायर्ड’, ‘बोअर्ड’ अशी धातुसाधिते, म्हणजे क्रियापदांपासून बनलेली विशेषणे, कितीही आखूड असली तरी ती ‘मोस्ट’च घेतात.

दोन्ही एकत्र चालत नाहीत हे आजचे खरे. पूर्वी ते चालत होते. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी सीझरच्या देहावरील ब्रूटसच्या घावाला ‘द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल’ म्हणतो, आणि 1611 च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये ‘द मोस्ट स्ट्रेटेस्ट सेक्ट’ असा प्रयोग आहे. त्या काळी हा दुहेरी तमभाव जोर देण्याचा सरळ मार्ग होता. पुढे व्याकरणकारांनी तो मोडीत काढला. त्यांतील एक ठळक नाव रॉबर्ट लाउथ यांचे. परंतु 1762 च्या आपल्या व्याकरणात त्यांनीही बायबलमधील स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरातील ‘मोस्ट हायेस्ट’ला सूट दिली, कारण तो शब्द परमेश्वराविषयी होता आणि परमेश्वर सर्वोच्चाहूनही उच्च. नियम करणाऱ्याने स्वतःच ठेवलेली ही पळवाट मला फार आवडते.

आपण या बाबतीत इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. इंग्रजीचा ‘-एस्ट’ आणि ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’ यांतील संस्कृत ‘-इष्ठ’ हे प्रत्यय एकाच मूळ भाषेतून आलेले सख्खे भाऊ आहेत. म्हणजे ‘श्रेष्ठ’ हा स्वतःच तमभाव आहे. तरीही आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, आणि वाजसनेयी संहितेच्या, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाच्या, पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ असा तमभावावर तमभाव चढवलेला आहे. शिखर गाठल्यावर आणखी एक पायरी बांधण्याची ही हौस जुनी आहे. तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘मोस्ट हायेस्ट’ लिहू नये. तिथे अँटनीचा दाखला चालणार नाही.

प्रश्न : ‘मोस्ट युनिक’ चूक आहे का?

उत्तर : काटेकोर लेखनात टाळावे. एकमेव वस्तू अधिक एकमेव होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. बोलण्यात ‘युनिक’चा अर्थ ‘वेगळाच’ असा सैल झाला आहे आणि तिथे फारसे बिघडत नाही. ‘परफेक्ट’ म्हणजे परिपूर्ण, त्यालाही खरे तर ‘अधिक’ लागू नये; तरी अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतसुद्धा ‘अ मोअर परफेक्ट युनियन’ असे शब्द आहेत.

प्रश्न : ‘फोरमोस्ट’ आणि ‘अटमोस्ट’ या शब्दांतला ‘मोस्ट’ हाच का?

उत्तर : दिसतो हाच, पण मुळात हा नाही. जुन्या इंग्रजीत ‘पहिला’ या अर्थी ‘फोर्मा’ असा शब्द होता आणि त्यातला ‘म’ हाच तमभावाचा प्रत्यय होता. आपल्या ‘परम’, ‘चरम’, ‘अधम’ यांतला ‘म’ त्याच घराण्यातला. तो अर्थ विस्मरणात गेल्यावर लोकांनी त्याला पुन्हा ‘-एस्ट’ जोडला, आणि तयार झालेल्या शेपटाचे ‘मोस्ट’शी साम्य दिसल्यामुळे पुढे लेखनही तसेच करून टाकले. ‘अटमोस्ट’चीही घडण अशीच आहे. त्या नमुन्यावरून नंतर ‘टॉपमोस्ट’, ‘सदर्नमोस्ट’ यांसारखे शब्द झाले.

वापराच्या दृष्टीने एक काळजी घ्यावी. ‘अटमोस्ट’ नामापूर्वी येतो तेव्हा त्याच्या आधी ‘द’ घालण्याची रूढी आहे, म्हणून ‘विथ द अटमोस्ट केअर’ असे लिहावे. तोच शब्द नाम म्हणूनही येतो, आणि मग ‘आय विल डू माय अटमोस्ट’चे मराठी सरळ आहे : मी शिकस्त करीन.