आबांच्या शेतात काय पेरायचं, हे गाव का ठरवायचं?

प्रिय चिऊ,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी बोलता बोलता म्हणाली, "त्या साली आपला ऊस खालच्या फडात होता, वरचा फड पंचांनी गव्हाला दिला होता." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "शेत आबांचं होतं ना? मग त्यात काय लावायचं ते दुसरी माणसं कशी ठरवणार?" मी भांडी घासत होतो, "पाण्यामुळे गं" एवढं बोलून सुटलो. ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं आज लिहितोय.

आपलं गाव पांझरेकाठचं. ही नदी साक्री तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते, धुळ्यातून जाते, मग उत्तरेला वळून तापीला मिळते. तिच्यावर आणि मोसम, आरम या नद्यांवरही तीनतीनशे वर्षांचे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी जरा वर चढतं आणि बाजूच्या पाटात शिरतं. मोटर नाही, वीज नाही, सगळं काम उताराचं. पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे जे तीन-चार मोठे भाग पाडलेले असतात ते फड.

एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. उसाला वर्षभर पाणी लागतं, गव्हाला मोजक्या पाळ्या. गव्हाच्या मधोमध एकट्याने ऊस लावला, तर त्याच्यापायी अख्खी चारी वाहती ठेवावी लागेल आणि शेजाऱ्याचा गहू पिवळा पडेल. म्हणून पीक पंच ठरवत.

पण खरी हुशारी पुढेच आहे. आबांची जमीन एका जागी नव्हती, प्रत्येक फडात एक तुकडा. बहुतेकांचं तसंच. पाऊस कमी झाला की पंच एखादा फड कोरडा ठेवत, आणि त्या फडात सगळ्यांचाच तुकडा असल्यामुळे झळ सगळ्यांना थोडी थोडी बसे. एकाचं हिरवंगार आणि दुसऱ्याचं करपलेलं, असं होत नसे. हे ज्याने कुणी पहिल्यांदा योजलं, त्याला मी मनातल्या मनात कितीदा तरी रामराम घातला आहे.

आबा शेताला पाणी स्वतः भरत नसत. ते काम पाटकऱ्याचं. आमचा पाटकरी रात्री कंदील घेऊन निघायचा, खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. वाफ्यात पाय टाकायचा. घोट्यापर्यंत रुतला की झालं, दोन फावडी मातीने तोंड बंद आणि पुढच्याचं उघडायचं. मग अंधारातून आपल्या अहिराणीत हाक यायची, "पानी उनं!", म्हणजे पाणी आलं. मी सातवीत असताना एकदा त्याला म्हटलं, आमच्याकडे थोडं जास्त सोडा ना. तो हसला. "तुना बापनी बी कधी सांगं नही." त्याची मजुरी सुगीला प्रत्येक घरून धान्यात जायची. आणि पावसाळा सरला की घरटी एक माणूस पाट उपसायला. जो येणार नाही, त्याला दंड.

इथे नेदरलँड्समध्ये आपण दरवर्षी पाण्याचा वेगळा कर भरतो, आठवतं? तो घेणाऱ्या वॉटरस्खॉपचं, म्हणजे इथल्या पाणी मंडळाचं, काम म्हणजे नको असलेलं पाणी बाहेर काढणं, आमचं होतं नसलेलं पाणी वाटून घेणं.

मग मोडलं कसं? एकाएकी नाही. विहिरींवर विजेच्या मोटरी आल्या, ज्याला त्याला आपलं पाणी मिळालं. वरच्या अंगाला लाटीपाडा धरण झालं, मग अक्कलपाडा. नदी धरणातून पाणी सोडलं की वाहायची, नाही तर वाळू. भावाभावांत वाटण्या होऊन फडातले तुकडे इतके बारीक झाले की बैल वळेना. निम्मी पोरं सुरतेला आणि नाशकाला. तुझ्या काकांनी फडाच्या मधोमध विहीर खणली आणि कांदा लावला. आबा त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. पण माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच कांद्यातून गेली, तेव्हा काकांना बोल लावायला मी कोण!

जुनं सगळं सोन्याचं होतं असंही समजू नकोस. ज्यांना जमीनच नव्हती त्यांना पंचांत कोण विचारणार? आणि बाई तर त्या बैठकीत मी एकही पाहिली नाही. आजीने मात्र चारही फडांत निंदणी केलेली आहे. 2005 साली सरकारने कायदा करून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे पाण्याचा कारभार सोपवायचं ठरवलं. तो कायदा वाचताना मला आबांचे पंचच दिसत होते, फक्त भाषा कचेरीची.

एक गोष्ट मला खुपते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशातली देवी कानबाई घरात बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोटाचं, म्हणजे तिच्या प्रसादाचं, दळण निघतं, आणि सगळी भाऊबंदकी एका जागी जेवते. त्यासाठी सुरतेहून माणसं ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर उभी राहून येतात. मीही विमानाचं तिकीट काढून गेलोय. पाट उपसायला मात्र कुणी कधी रजा टाकली नाही. मीसुद्धा नाही. रोट गोड लागतो, गाळ जड असतो.

या श्रावणात जाऊ. सोमवारी कानबाई नदीवर नेतात, तिथूनच बंधारा दिसतो. दगड शाबूत आहेत, पाटात बाभळी वाढल्यात. दोन फावडी काढून ठेवा, असं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाट उपसीसन पानी कोठून आनशी?" मला उत्तर सुचलं नाही. तू तुझे गमबूट मात्र बॅगेत घाल.

तुझा,
बाबा